आप्पा बघून येतात

आमच्या भोरच्या मुलींच्या शाळेचं छप्पर गळतं, अशी तक्रार मोठ्या बाईंनी केली, तेव्हा ती बघायला नगरपालिकेचे एक सभासद आले. श्रावणातली सर चालू होती. त्यांनी छत्री मिटून दाराशी टेकवली, वहाणा काढल्या, आणि जिथं सगळ्यात जास्त गळत होतं नेमकं तिथं, दुसरीच्या मुलींच्या रांगेत, मांडी घालून बसले. मोठ्या बाई म्हणाल्या, इकडे कोरड्यात खुर्ची मांडली आहे. तर म्हणाले, "खुर्ची नगं. खुर्चीवर कुठं गळतंय?"

आणि वर्ग चालू ठेवायला सांगितला. मी तेव्हा शाळेत नवीनच लागले होते आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. समोर ओळीनं परकरी पोरी, त्यांच्या मधोमध फेटा बांधलेला एक दणकट गृहस्थ. फेट्यावर टपटप पाणी पडतंय आणि गृहस्थ मन लावून पाढे ऐकतोय. पोरींना हसू आवरेना. मला पाढा आठवेना. ते मात्र मधली सुट्टी होईपर्यंत जागचे हलले नाहीत. उठले तेव्हा अंगावर कोरडं असं काही उरलंच नव्हतं.

तिथून ते तसेच नगरपालिकेच्या सभेला गेले आणि अध्यक्षांच्या टेबलावर फेटा पिळला, असं पुढं गावात सांगत. मी एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पिळला न्हाई. नुसता हातात धरला हुता. त्योच ठिबाकला." काही असो, दसऱ्याच्या आत शाळेवर नवी कौलं चढली.

हे आमचे कोंडिबाआप्पा. पुढं ते भोर संस्थानचे मंत्री झाले. आज त्यांचं नाव कुणाला आठवत नाही. कोनशिलेवर नाही, रस्त्याला नाही. कारण कोनशिला बसवायच्या दिवशी हे दुसऱ्याच कुठल्या गावातली पडकी विहीर बघायला गेलेले असत. पण माझ्या आयुष्याची जी काही घडी बसली ती त्यांच्यामुळे बसली, म्हणून मी लिहिते आहे.

आप्पा मूळचे वेल्ह्याकडचे, डोंगरातले. धाकटेपणी भोरला आले आणि बाजारपेठेच्या टोकाला त्यांनी दुकान टाकलं. कंदील, कंदिलाच्या काचा, दोरखंड, खिळे, कुलपं. त्यांचं घर आमच्या आळीत, अगदी आमच्या घरासमोर. मी लहानपणीच विधवा होऊन काकांकडे राहायला आले होते. काका दरबारच्या कचेरीत कारकून. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं, पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं, आणि त्याबद्दल नातेवाइकांचं जे ऐकून घ्यायचं ते मुकाट ऐकून घेतलं. काका भले होते. पण घाबरट होते. मी शाळेतून यायला जरा उशीर झाला की ते ओसरीवर येरझाऱ्या घालत.

आप्पा निवडणुकीला उभे राहिले ते स्वतःच्या मर्जीनं नव्हे. आमच्या आळीतून उभं राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. समोर एक वकीलसाहेब होते. त्यांच्यासारखं बोलणारा उभ्या संस्थानात नव्हता. नदीच्या घाटावर सभा झाली. वकीलसाहेबांनी गावाच्या उत्कर्षावर असं काही भाषण केलं की ऐकणाऱ्यांना आपण भोरात नाही, विलायतेत बसलो आहोत असं वाटावं. मग आप्पांना उभं केलं. ते फेटा सारखा करत बराच वेळ नुसतेच उभे राहिले. शेवटी म्हणाले, "म्या काय बोलू? मला बोलाया येत न्हाई. काय अडचण असंल ती सांगा. बघतो." आणि खाली बसले.

लोक हसले. "बघतो" म्हणणारे पुढारी लोकांनी खूप पाहिले होते. "बघतो" म्हणजे होणार नाही, हे तान्ह्या मुलालाही ठाऊक होतं. पण आळीतल्या बायकांना आप्पांचं बघणं माहीत होतं. कुणाच्या कंदिलाची वात काजळी धरते म्हणून काच बदलायला जावं, तर आप्पा काच विकत नसत. दिवेलागणीला घरी येत, कंदील कुठं टांगलाय, वारा कुठून येतो ते बघत, आणि खिळा दुसरीकडे ठोकून जात. त्यानं दुकान काही वाढलं नाही. पण त्या बायकांनी घराघरांतून आपापल्या नवऱ्यांना बजावलं, आणि आप्पा निवडून आले.

नगरपालिकेत त्यांनी जे काय काय बघितलं ते सगळं सांगत बसले तर हे संपायचं नाही. पण तिरडीची हकिकत सांगायलाच हवी.

स्मशानाकडे नदीवर उतरायची वाट फार वाईट होती. पायऱ्या ढासळलेल्या, मधे मोठे दगड. खांदेकऱ्यांची तारांबळ उडते आणि मढं हिंदकळतं, अशी तक्रार आली. सभेत वकीलसाहेब म्हणाले (पुढच्या खेपेला तेही निवडून आले होते) की ज्याला त्रास होतो त्याची तक्रार असेल तर ती विचारात घेऊ. सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. "बघतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी बाजारातून बांबू आणले, स्वतःच्या दुकानातलं दोरखंड काढून तिरडी बांधली, आणि ओळखीच्या चार माणसांना बोलावून स्वतःच तिच्यावर अंग टाकलं. ती माणसं म्हणेनात खांदा देऊ म्हणून. आप्पांनी पडल्या पडल्या त्यांची समजूत घातली. शेवटी निघाले. बाजारपेठेतून मिरवणूक चालली तशी दुकानं बंद व्हायला लागली. कुणी कुंकवाचं ताट लपवलं, कुणी टोपी काढली. आमच्या काकांनी खिडकीतून पाहिलं आणि "कोंडिबा गेला" म्हणून मटकन खाली बसले. तेवढ्यात तिरडीवरून आवाज आला, "जरा सावकाश, उजवीकडनं कलतंय." त्या आवाजानं एक म्हातारी चक्कर येऊन पडली. तिला आप्पांनीच तिरडीवरून उतरून पाणी पाजलं आणि पुन्हा तिरडीवर जाऊन पडले.

खालच्या पायऱ्यांवर पुढच्या दोघांचा पाय घसरला आणि आप्पा सुटून थेट नदीकाठच्या चिखलात गेले. लंगडत परत आले. गावात केवढा गहजब. आप्पांच्या दाराशी माणसं जमली, कुणी म्हणे शांती करा, कुणी म्हणे आंघोळ घाला. आप्पांच्या बायकोनं, आमच्या यसूकाकीनं, आतून एवढंच विचारलं, "कितव्या पायरीला पडला?" आप्पा म्हणाले, ते मोजलं नाही. काकी म्हणाली, "मग काय बघितलंत?"

आप्पा लंगडत पुन्हा पायऱ्या मोजायला गेले.

आता काकीबद्दल सांगते. यसूकाकीला दिसत नव्हतं. लग्न होऊन घरात आली आणि वर्षभरात तिला देवी आल्या. त्यात दृष्टी गेली. आप्पांना त्यांच्या माणसांनी दुसरं लग्न करायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. मुलंबाळं झाली नाहीत. आळीतल्या लोकांना काकी म्हणजे दाराच्या आत बसलेली, चेहऱ्यावर वण असलेली बाई, एवढीच ठाऊक होती. ती सहसा उंबरा ओलांडत नसे.

पण आमची खिडकी त्यांच्या ओसरीसमोर होती. संध्याकाळी आप्पा दुकान बंद करून येत, हातपाय धुवून काकीसमोर बसत, आणि दिवसभरात जे बघितलं ते तिला सांगत. काकी भाकऱ्या थापत असे. तिला मोघम सांगितलेलं चालत नसे. शाळा गळते म्हणता, तर पाणी कशावर पडतं, पोरींच्या अंगावर की पाटीवर? पाटीवर पडलं तर लिहिलेलं पुसतं का? समोरची पोर तिथं बाई आहे ना, ती ओरडते का? आप्पांना उत्तर देता आलं नाही की ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला जात. मला पुष्कळ दिवसांनी उमगलं की भोरच्या नगरपालिकेत खरा सभासद चुलीपुढे बसलेला आहे आणि आप्पा त्याचे डोळे आहेत. आप्पांनाही हे मान्य होतं. कुणी त्यांची फार स्तुती केली तर ते म्हणत, "मला कशाचं सुचतंय? घरनं इचारत्यात."

पुढं संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागणारी चळवळ सुरू झाली. आप्पा तिच्यात गेले. मिरवणुकीत पुढं राहून घोषणा देणं त्यांना जमत नसे. ते सगळ्यात मागं चालत, थकलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरत. कुठल्याशा मोर्चात पुढच्या लोकांना पकडून नेलं तेव्हा मागचे आप्पा राहिले. तर हे स्वतःहून चौकीवर गेले, पकडलेल्यांना जेवण मिळालं का ते बघायला. मग त्यांनाही आत बसवलं. त्यानंतर ते कायदेमंडळात निवडून गेले, आणि युद्ध संपता संपता लोकांच्या प्रतिनिधीला मंत्री करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांचं कुठल्याच नावावर एकमत होईना, म्हणून आप्पांचं नाव पुढं आलं. त्यांच्यावर कुणाचाच राग नव्हता.

शिक्षण आणि आरोग्य ही खाती त्यांना मिळाली. आता कोंडिबाचे नामदार कोंडिबाराव झाले. दाराशी पट्टेवाला आला. आप्पांना त्या पट्टेवाल्याचा इतका संकोच वाटे की तो उभा असला की आप्पाही उभे राहत. मग दोघंही एकमेकांना बसा बसा म्हणत. आप्पांच्या हाताखाली एक चिटणीस होते, फार शिस्तीचे गृहस्थ. ते रोज कागदांचा गठ्ठा घेऊन येत आणि खुर्ची रिकामी पाहून परत जात. नामदार कुठं आहेत असं विचारलं की पट्टेवाला सांगे, बघायला गेलेत. काय बघायला, ते त्यालाही ठाऊक नसे.

मंत्री म्हणून त्यांचा पहिला हुकूम गुळाचा होता. हिवतापाच्या दिवसांत कुठल्याशा गावच्या बायका म्हणाल्या, सरकारी औषध पोरांच्या पोटात टिकत नाही. आप्पा तिथं गेले, दवाखान्यात रांगेत बसले आणि पाळी आल्यावर एक डोस पिऊन दाखवा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, नामदारांना ताप नाही. आप्पांनी तो डोस तरीही घेतला. मग म्हणे ते बराच वेळ डोळे मिटून बसले होते. परत येऊन त्यांनी चिटणिसांना सांगितलं, संस्थानच्या प्रत्येक दवाखान्यात पोराच्या औषधावर गुळाचा खडा द्यायचा. चिटणिसांनी विचारलं, हे कुठल्या कलमाखाली लिहू? आप्पा म्हणाले, "कलम कंचं बी घाला. गूळ चांगला घाला."

आणि आता वेल्ह्याची गोष्ट.

वेल्ह्याला मुलींची शाळा नव्हती. आप्पांनी मंजूर करून घेतली, पण तिथं जायला कुणी बाई मिळेना. तोरण्याच्या पायथ्याशी, आडबाजूला. कापूरहोळपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढं नसरापुरावरून बैलगाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर पायपीट. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद. मला जावंसं वाटत होतं. भोरच्या शाळेत मी कायम दुसरीच्याच वर्गावर राहणार होते. तिथं शाळा माझी झाली असती. पण काकांपुढं विषय काढला आणि त्यांनी जेवण टाकलं. तरुण विधवा मुलगी, एकटी, त्या रानात. ते रागावले नाहीत, नुसते रडकुंडीला आले. त्यांच्यापुढं मला हट्ट करवेना.

आप्पांच्या कानावर ते गेलं. आमच्या ओसरीवर येऊन त्यांनी काकांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. घर कसं असेल, शेजार कसा, पाणी कुठून आणणार, दाराला कडी तरी असेल का. आप्पा म्हणाले, बघतो.

आणि संस्थानचे शिक्षणमंत्री वेल्ह्याला जाऊन बाईंसाठी ठरवलेल्या खोलीत राहिले. चिटणीस इकडं कपाळाला हात लावून बसले होते. आप्पांनी तिथं स्वतः चूल पेटवून धूर कुठून जातो ते बघितलं. भिंतीला झरोका पाडून घेतला. दाराला आतून अडसर बसवला आणि बाहेर गावातल्या तालमीच्या पोरांना धक्का मारायला लावला. पाणवठ्यावर जाऊन घागर भरून आणली, तेव्हा तिथल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मंत्री आहेत हे कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटलं बाईंनी पाठवलेला गडी. मग परत येऊन त्यांनी काकांना एकेक गोष्ट सांगितली. काकांच्या प्रत्येक शंकेला उत्तर होतं.

शेवटी काकांजवळ एकच शंका उरली. ते म्हणाले, "सगळं खरं कोंडिबा. पण रात्री तिला हाक मारायला आपलं असं कोण आहे तिथं?"

आप्पा उठून घरी गेले. मला वाटलं, झालं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यसूकाकी भिंतीला हात लावत लावत आमच्या दारात आली. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी पहिल्यांदा आली होती. काकांनी घाईघाईनं पाट मांडला. ती बसली नाही. म्हणाली, "पोरीबरूबर म्या जाते. मला हितं काय आन तिथं काय, सारखंच. हाक मारली तर ऐकू येतं मला."

काकांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. माझ्या आयुष्यात मी देवाचे आभार कमी आणि काकीचे जास्त मानले आहेत, ते त्या दिवसापासून.

आम्ही वेल्ह्याला गेलो. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता, म्हणून काकांच्या सांगण्यावरून दोन चुली मांडल्या. आषाढात लाकडं भिजली आणि कशीबशी एकच चूल पेटू लागली, तेव्हा त्या एकीवरच दोघींचं व्हायला लागलं. ऊन पडल्यावर दुसरी चूल पुन्हा मांडायचं आम्हा दोघींच्याही लक्षात राहिलं नाही.

शाळेत सुरुवातीला मुली येईनात. मी घरोघर हिंडले. बायका माझं ऐकून घेत, आणि पोरीला शेण गोळा करायला पाठवून देत. मग काकी एका मुलीच्या खांद्यावर हात ठेवून माझ्याबरोबर निघाली. ती कुणाला शिक्षणाचं महत्त्व सांगत नसे. बायकांच्या शेजारी बसून नाचणी निवडू लागे, आणि बोलता बोलता म्हणे, मला वाचता येत असतं तर दिसत नसल्याचं दुःख झालं असतं, आता तेही नाही. बायका हसत आणि पोरीला पाठवत. भोरात उंबऱ्याच्या आत बसलेली काकी वेल्ह्यात गावभर हिंडू लागली. पोरी तिच्या हातात काहीबाही आणून ठेवत, करवंदं, पक्ष्याचं पीस, नवी पाटी, आणि ओळखायला लावत. ती मुद्दाम चुकीचं ओळखी, म्हणजे त्या खदखदून हसत.

आप्पा दर शनिवारी येत. सरकारी मोटार ते आणत नसत. सर्व्हिस मोटारीनं कापूरहोळला उतरत आणि पुढं मिळेल तसे. उन्हानं तापलेले, धुळीनं माखलेले नामदार संध्याकाळी पडवीच्या पायरीवर येऊन बसत, काकी आतून तांब्या घेऊन येई, आणि आठवडाभरात बघितलेलं सगळं एकदम सुरू होई. कुठल्या दवाखान्याची भिंत, कुठल्या शाळेतला मास्तर, चिटणीस कशावरून रुसले. काकी विचारी, आप्पा सांगत. रविवारी दुपारी निघत.

ह्याचा बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. मंत्रीसाहेब सारखे वेल्ह्यालाच जातात, संस्थानच्याच सुधागड भागाकडं का जात नाहीत? कायदेमंडळात वकीलसाहेबही निवडून आले होते, त्यांनी रीतसर प्रश्न विचारला. नामदारांना वेल्हे भागाविषयी विशेष आस्था असण्याचं कारण काय? असं त्यांनी बऱ्याच पल्लेदार वाक्यांत विचारलं. चिटणिसांनी आप्पांसाठी लांबलचक उत्तर तयार ठेवलं होतं. आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "तिथं माझी बायकू हाय." आणि बसले. सभागृहात असा हशा पिकला की वकीलसाहेबांना पुढचा प्रश्न विचारता आला नाही. पुढं वकीलसाहेबच ही हकिकत सगळ्यांना सांगत असत. ते म्हणत, माझ्या उभ्या वकिलीत मला इतकं खरं उत्तर कुणी दिलं नाही.

दिवाळीच्या सुटीत मी भोरला काकांकडे आले. तेव्हा काकांनी मला सांगितलं, आप्पा हल्ली संध्याकाळी आपल्या ओसरीवर येऊन बसतात. दिवसभराचं सांगतात. मी म्हटलं, मग तुमचा वेळ बरा जात असेल. काका म्हणाले, "मी हो हो म्हणतो गं. पण मला पुढचं काही विचारायला सुचत नाही. मग तो थोडा वेळ बसतो आणि उठून जातो."

मी खिडकीतून समोर बघितलं. समोरच्या घरात आप्पा एकटे भाकरी थापत होते. एक भाकरी तव्यावर करपून धूर निघत होता आणि ते दुसरीच्या कडा नीट करण्यात गुंतले होते.

सुटी संपवून वेल्ह्याला परत आले, तेव्हा काकीला म्हटलं, मला आता इथं मुळीच भीती वाटत नाही, गावच माझं झालंय, तू खुशाल भोरला जा. काकी म्हणाली, "तुला भ्या वाटत न्हाई ते मला कवाच ठाव हाय. मलाच हितं बरं वाटतं. पर त्येंना सांगू नगंस. वाईट वाटंल." पुढच्याच शनिवारी आप्पांनी मला पाणवठ्याच्या वाटेवर गाठलं. काकी ऐकत नाही ना, एवढं बघून हळूच विचारलं, तिला इथं करमतंय ना. मी म्हटलं, करमतंय. ते म्हणाले, "मग असू द्या. म्या इचारलं म्हनून बोलू नगा तिला. उगंच निघायची भोरला."

दोघांचंही मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे. आता दोघंही नाहीत.

स्वातंत्र्य आलं आणि पाठोपाठ संस्थान विलीन झालं. मंत्रिमंडळ गेलं. भोरला मोठा समारंभ झाला असं काका म्हणाले. हार झाले, भाषणं झाली, वकीलसाहेबांनी तर आप्पांबद्दल बोलताना डोळे पुसले. आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं, ते उठून उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि मागच्या दारानं निघून गेले. त्यांना मुंबईच्या कायदेमंडळासाठी उभं करायचं काही लोकांच्या मनात होतं. त्या मंडळींनी घरी जाऊन पाहिलं तर घराला कुलूप.

त्या दिवशी शनिवार नव्हता. शाळा नुकतीच सुटली होती. पोरी अंगणातून पांगत होत्या, आणि त्यांच्यातून वाट काढत आप्पा येताना दिसले. डोक्यावर एक ट्रंक, खांद्यावर घोंगडं, हातात दोन कंदील. पट्टेवाला नाही, कुणी नाही. अंगणात येऊन ट्रंक खाली ठेवली आणि नेहमीसारखे पायरीवर न बसता उभेच राहिले. फेटा सारखा करत राहिले. मला वाटलं त्यांना बरं नाही.

मी विचारलं, आप्पा, काय झालं?

ते म्हणाले, "बाई, खोली शाळंची हाय. तुमच्या नावानं दिल्याली. म्याच दिली." मग पुन्हा फेट्याला हात लावला. नदीच्या घाटावरच्या त्या पहिल्या सभेची गोष्ट काकांनी मला पुष्कळदा सांगितली होती. ते तसेच उभे असतील तेव्हा. "म्हनून तुमालाच इचारायचं. पडवीत एक मानूस मावंल का? शाळंचं पानी भरीन. झाडलोट करीन. तिला तिच्या हितल्या कामातनं उठवायचं न्हाई मला. मलाच तिकडं..." बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

ज्या माणसानं मला हे घर, ही शाळा, हे गाव दिलं तो अंगणात उभा राहून माझ्याकडे पडवीतली जागा मागत होता, आणि मला नुसती मान हलवता आली.

आतून काकीचा आवाज आला. "अवं, त्या लेकराला काय इचारत बसलाय. पाय धुवा आदी. घागर दाराशी हाय."

आप्पांनी कंदील पडवीत ठेवले आणि पाय धुवायला गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. काकीनं परात पुढं ओढली, चाचपून डब्यात हात घातला, आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.